साडेअडतीस बोटं

बाटली राहू द्या बाजूला, मामे सेवा.
पितरांना ओतायची ती नंतर ओतू,
आधी पोराचे हात बघू द्या मला.
पालथे कर. आता उताणे.
नखांत माती आहे, म्हणजे घरी बसून नव्हतास.
दहा.
ठीक.

माझी विचाराल तर साडेआठ.
उरलेलं दीड बोट इथेच, सोकोबानच्या लाकूडबाजारात,
भुशाबरोबर पोत्यात गेलं;
कुणी कोंबड्यांखाली अंथरायला विकतही नेलं असेल.
माझ्या मास्टरने त्या दिवशी आधी करवत पुसली,
मग विचारलं,
फळी वाया गेली का?

म्हणून इथे रोज दिवस मावळताना
पोरांच्या हातावर जेवणाचे पैसे ठेवताना
मी मोजतो.
ओसाफो दहा, पोक्वा दहा, अचियाम दहा,
आणि मी.
साडेअडतीस.
पोरं हसतात. हसू देत.
अचियाम कधी कधी अंगठा मुठीत लपवतो.
तेवढ्या क्षणात माझ्या छातीत काय होतं
ते कळायला त्याला एक दिवस
दुसऱ्याचं पोर पदरात घ्यावं लागेल.

तीन वर्षांची उमेदवारी. कागद नंतर करू.
मारता का, असं विचारताय?
नाही मारत.
पण सहा महिने फक्त झाडू, आणि नजर.
चालत्या करवतीशी बोलायचं नाही,
बोलणाऱ्याकडे वळून बघायचं नाही,
मी हाक मारली तरी नाही.
आणि ऐक रे,
बोट धरून शिकवणार नाही तुला.
पात्याजवळ कुणी कुणाचं बोट धरू नये.

गेल्या हरमॅटनमधली गोष्ट.
ओठ फुटलेले, धूळ अशी की समोरची गिरणी दिसेना.
दुपारी वीज गेली.
ओडुमची फळी अर्धी चिरलेली, पात्यात रुतलेली.
ओसाफो वाकून कीस उकरत होता,
हात कोपरापर्यंत आत.
आणि वीज आली.

सगळ्या बाजारभर करवती एकदम किंचाळल्या,
रेडिओ बोलू लागले, अर्ध्याच वाक्यापासून.
माझी करवत गप्प.
ओसाफोने वर पाहिलं,
दुसरा हात खिशात घातला,
आणि फ्यूज काढून दाखवला.

बस्स. एवढंच.
याची कुठे बातमी होत नाही,
कुणी आनंदाने केंके वाटत नाही.
जे घडलंच नाही त्याला नाव तरी काय द्यायचं?
मी मागे जाऊन वावाच्या ओंडक्यांवर बसलो,
गुडघे ऐकत नव्हते म्हणून.
पोरांना सांगितलं, लघवीला गेलो होतो.

शेजारचा बोआतेन म्हणतो, मास्टर, तुझं काम संथ.
आहे संथ.
त्याच्याकडे दिवसाला बारा दारं निघतात, माझ्याकडे सात.
त्याचीही पोरं मी येता-जाता मोजतो, मनात,
आणि हिशेब लागत नाही.
पाचही बोटं सारखी नसतात म्हणतात.
नसू देत.
असावी तर लागतात.

बरं. सोमवारी येताना ही चप्पल नको.
बूट मी देईन, एक नंबर मोठे आहेत, जाड मोजे घालून ये.
लांब बाह्या नकोत, गळ्यात ही दोरी नको.
आईने बांधलीय? मग आईकडेच राहू दे,
ती सांभाळेल.

आता उघडा ती बाटली, मामे सेवा.
पहिली धार जमिनीला, मोठ्यांना, तुमच्या आणि माझ्या.
आणि थोडी इकडे, करवतीच्या पायाशी.
माझं दीड बोट माझ्याआधीच
पितरांत जाऊन बसलंय,
त्यालाही कळू दे, नवा पोरगा आलाय.

फ्रिम्पोंग, पाहतोस काय?
मूठ उघड.